इथे असतीस तर

सुलभा,

तू गेल्यावर तुझा नवरा तुझ्या माहेरी दिवस करून परतला, त्या आठवड्यात सिंगापुरात यिशुनच्या तुमच्या घरी जो येत होता तो एकच वाक्य बोलून जात होता. "इथे असती तर वाचली असती." लोक दारात चपला काढताना म्हणत होते, पाण्याचा पेला हातात घेताना म्हणत होते, लिफ्टची वाट बघताना पुन्हा एकदा म्हणत होते. तुझ्या ऑफिसातली चिनी मैत्रीण इंग्रजीत म्हणाली, आपल्या महाराष्ट्र मंडळातले लोक मराठीत म्हणाले. शेजारच्या तमिळ आजी नुसत्या हातानेच म्हणाल्या. आधी खिडकीबाहेर लांब कुठेतरी बोट दाखवलं, मग पायाखालच्या फरशीकडे. आणि तुझा नितीन प्रत्येकाला मान हलवून "हो ना" म्हणत होता.

मी तुझ्या खिडकीपाशी बसले होते आणि मला त्या वाक्याचा संशय येत होता.

ही तुझीच लागण. एखादी गोष्ट सगळे एकसारख्या शब्दांत सांगायला लागले की तू खुर्चीत सरसावून बसायचीस. बँकेच्या ऑडिटमध्ये हयात गेली तुझी. "चार शाखांनी चार कारणं दिली तर मी निवांत असते," तू म्हणायचीस, "चौघांनी एकच कारण दिलं की समजायचं, आधी बसून ठरवलंय." तुझ्या हॉलमध्ये जमलेल्यांनी काही ठरवलं नव्हतं बिचाऱ्यांनी. पण त्या वाक्यात सगळ्यांची सोय होती. ते एकदा म्हटलं की आपण देश सोडून इथे येऊन राहिलो ते बरोबरच केलं, असं तुझ्या मरणाने सिद्ध होत होतं. चहा पिऊन, सांत्वन करून, मनातून थोडं निर्धास्त होऊन माणसं घरी जात होती. तू असतीस तर त्यातल्या एकाला तरी जिन्यात गाठून विचारलं असतंस, "कशावरून?"

आपली तर ओळखच संशयाने झाली. तांजोंग पगारच्या त्या बँकेच्या इमारतीत मी अकाउंट्सला नवीन होते. जिन्यात तू फोनवर बोलत होतीस, "माय, गोळ्या खायलीस का नाही? खोटं नको बोलू, मला आवाजावरनं कळतंय." परक्या देशातल्या जिन्यात असं मराठी ऐकून मला भरून आलं. तुझा फोन संपेपर्यंत मी थांबले आणि म्हणाले, "तुम्ही मराठी? मग जेवायला येता का बरोबर?"

तू मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस. "तुमच्या खात्याचं ऑडिट पुढच्या आठवड्यात आहे. माहीत आहे ना तुम्हाला?"

"नाही. खरंच नाही."

"मग ऑडिट झाल्यावर येते."

आणि आलीसही. ऑडिटमध्ये आमच्या खात्याच्या सतरा भानगडी काढल्यास, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन शांतपणे म्हणालीस, "चला, कुठे जेवायचं?" मी रागावले होते, पण भूक लागली होती. त्या दिवसापासून आपण जेवत होतो आणि भांडत होतो.

भांडण एकच होतं, नीट पाहिलं तर. तू मराठवाड्यातली, परभणीच्याही पलीकडच्या गावातली, मी पुण्याची. पहिल्या गणपतीला मी तुला मंडळात घेऊन गेले तेव्हा एका बाईंनी तुला गाव विचारलं आणि तू सांगितल्यावर म्हणाल्या, "अय्या, पण बोलण्यावरून अजिबात वाटत नाही." त्यांना वाटलं कौतुक केलं. तू हसून म्हणालीस, "तुम्हीही पुण्याच्या वाटत नाही. किती आपुलकीने विचारलंत." बाई प्रसादाकडे वळल्या. परतताना एमआरटी मेट्रोत तू मला म्हणालीस, "ऑफिसात असते तशी मी इथे बोलले, म्हणून त्यांना वाटलं नाही. मायशी बोलते तशी बोलले असते तर वाटलं असतं. आणि मग त्यांनी मला दुसऱ्यांदा काही विचारलं नसतं."

मला तेव्हा वाटायचं, तू उगाच मनाला लावून घेतेस. आपण दोघी ज्या देशात आलो होतो तिथे हा प्रश्नच मिटलेला दिसत होता, आणि मला त्याचं फार अप्रूप होतं. मी तोआ पायोहला राहते, तू यिशुनला, आमचे डायरेक्टर समुद्रासमोरच्या काँडोत. पण पाणी सगळीकडे तेच, बस तशीच वेळेवर, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर. मी तुला सांगायचे, "बघ, देश असा हवा. कुठेही जन्माला आलं तरी फरक पडत नाही."

"फरक पडत नाही, तर मी यिशुनला राहते म्हटल्यावर सगळे 'अय्यो, सो फार' का म्हणतात?"

"ते थट्टेने म्हणतात."

"थट्टा कुणाची करायची, ते आधी ठरलेलं असतं, मेधा. हा अख्खा देश आमच्या दोन तालुक्यांत मावेल. तरी लोकांनी त्यातसुद्धा लांबचं आणि जवळचं शोधून काढलंच." मग तू स्वतःवरच संशय घेतलास, कारण तुझा संशय कुणालाच सोडायचा नाही. "पण खरं आहे तुझं. लांबच्या माणसालाही इथे डॉक्टर मिळतो. ते मोठं आहे."

तुला यिशुन आवडायचं. खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसायचा आणि सकाळी कुठूनतरी कोंबडा आरवायचा. लोक त्या भागाबद्दल वाटेल ते बोलायचे, आणि तू ते ऐकताना अशी बसायचीस की जणू तुझ्या माहेराबद्दलच बोलतायत.

इराच्या शाळेतल्या प्रोजेक्टचा दिवस मला परत परत आठवतो. एकाच देशातल्या दोन भागांमधल्या राहणीमानाची तुलना करायची होती. माझ्या लेकीने पुणं माझ्याकडून घेतलं आणि दुसऱ्या भागासाठी तुला बसवलं समोर. प्रश्न इंग्रजीत, उत्तरं तू मराठीत देत होतीस.

"मावशी, सो युवर साइड व्हेरी पुअर, इज इट?"

मी स्वयंपाकघरातून ओरडणार होते, पण तू हात वर केलास. "गरीब आहेत काही, काही नाहीत. गरीब नाही म्हणणार मी. लांब आहे."

"फ्रॉम व्हॉट?"

"मोठ्या डॉक्टरपासून. चांगल्या कॉलेजपासून. ज्याची सही लागते त्या माणसापासून. आमच्याकडे माणसाचं अर्धं आयुष्य कुठेतरी जाऊन येण्यात जातं, इरा."

इराने ते लिहून घेतलं. मग तिने विचारलं, तिथली माणसं किती आनंदी आहेत, एक ते दहामध्ये सांग. तू विचारलंस, "कोणत्या दिवशी?" इरा म्हणाली, "एनी डे लाह, मावशी, जस्ट गिव्ह अ नंबर." तू नंबर दिला नाहीस. तिच्या प्रोजेक्टमध्ये तुझ्या गावाच्या रकान्यात आनंद कोरा राहिला, आणि माझ्या पुण्याला मी न विचारता आठ देऊन टाकले होते. तू ते आठ बघितलेस. नुसती भुवई वर गेली.

एकदाच आपलं जोरात भांडण झालं. मी म्हणाले होते, "तू स्वतः तिथे राहिली नाहीस, यातच उत्तर आलं ना?" तू ताटलीतला चमचा बाजूला ठेवलास. म्हणालीस, "शिकलेली मी निघाले. माझ्या वर्गातले जे शिकले ते निघाले. मास्तरांचा मुलगा निघाला, डॉक्टरांची मुलगी निघाली. मग उरलेल्यांकडे बोट दाखवून तुम्ही म्हणता, बघा, तिथे काही नाही. आम्हीच उचलून आणलंय ते. तुमच्या पुण्यात आणलं, इथे आणलं." मी म्हणाले, मग जा परत. हे मी रागाने म्हणाले होते आणि तू शांतपणे म्हणालीस, "जाईन एखादवेळी. तू एकदा ये, डोळ्यांनी बघ, मग भांडू." दर वर्षी बोलवायचीस. दर वर्षी माझी सुट्टी पुण्यातच संपून जायची.

मग माय पडली. खुब्याचं हाड मोडलं, नांदेडला ऑपरेशन झालं आणि तू महिन्याभराची म्हणून निघालीस. ऑफिसने लॅपटॉपवर काम करायची परवानगी दिली तीही तुला संशयास्पद वाटली होती. "इतक्या पटकन हो म्हणाले? माझ्याशिवाय चालतंय का बघतायत."

निघायच्या आदल्या दिवशी तू तोआ पायोहला आलीस. खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरमध्ये आपण नेहमीच्या टेबलाशी बसलो. माशाचं सूप तू निम्मं ठेवलंस. मासा ताजा नाही म्हणालीस, आणि माशाबद्दल तू नेहमीच तसं म्हणायचीस. परत जाताना रस्त्यावरच्या पुलाचा जिना चढताना मध्येच थांबलीस, कठड्याला धरून. "बूट चावतोय," म्हणालीस. मी तुझ्या बुटाकडे बघितलं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईवर आपण संशय घ्यावा, हे मला सुचलंच नाही. कुणालाच सुचलं नव्हतं.

महिन्याचे पाच झाले. तू व्हिडिओवर दिसायचीस, केस तेल लावून घट्ट बांधलेले, मागे सिमेंटची नवी भिंत. मायला चालवायचं हा तुझा एकच कार्यक्रम. ती म्हणायची, चालले की सकाळी; तू म्हणायचीस, कुठपर्यंत चाललीस ते दाखव. बाथरूममध्ये कमोड बसवून घेतलास, भिंतीला धरायला दांड्या लावल्यास, आणि गवंड्याने त्या नीट लावल्यात का ते बघायला स्वतः लटकलीस. त्याचा फोटो गजाननने, तुझ्या धाकट्या भावाने, मला पाठवला होता.

आणि मग एका सकाळी त्याच गजाननचा फोन नितीनला आला.

नितीन तिकडे धावला, तुझे दिवस करून परत आला. लोक वाक्य बोलून गेले. माझ्या डोक्यातून पुलाचा जिना जात नव्हता. शेवटी मीच गजाननला फोन केला. त्याच्याशी मी याआधी कधी बोलले नव्हते.

"बोला ताई," तो म्हणाला. मी नुसतं विचारलं, काय झालं होतं.

"आमची ताई सकाळी मायला अंगणात चालवायली होती. म्हणली, गजू, छातीत कसंतरी व्हायलंय. म्या गाडी काढली. तालुक्याला नेलं. तिथं तरणा डॉक्टर होता, त्यानं लगेच ईसीजीची पट्टी काढली, गोळी दिली, इंजेक्शन दिलं. म्हणला, इथं हृदयाचं कुणी नाही, नांदेडला पळवा. त्यानं विचारलं, आधी कधी दुखलं होतं का. तर ताई म्हणली, हो. तिकडं. दोनदा."

"सिंगापूरला?"

"हो. म्या म्हणलं, अगं मग दाखवलं का नाहीस? तर हसली. म्हणली, तिकडं दवाखाना घराच्या खालीच हाय रे. कधीबी दाखवता येतंय म्हणून राहूनच गेलं."

ते तुझंच बोलणं होतं, तुझ्याच चालीचं. आणि तरी, सुलभा, मला त्याचाही संशय आला. फार नीट बसत होतं ते. इकडे आम्ही सगळ्यांनी तुझ्या गावावर ठपका ठेवला होता, आणि तिकडे गावात राहिलेला तुझा भाऊ तो ठपका उचलून परत आमच्या दारात ठेवत होता. मी विचारलं, "नांदेडला पोचायला वेळ लागला का फार?"

तो म्हणाला, "रस्ता खोदून ठेवलाय ताई. लई दिवस झाले." आणि लगेच, "माय हाक मारायलीय, मी करतो परत फोन." त्याने परत केला नाही.

म्हणजे प्रत्येकाकडे आपापल्या सोयीचा तुकडा होता. मी नितीनकडे गेले. रविवार होता, त्याने तुझी झाडं गॅलरीत आणून ठेवली होती आणि त्यांना जास्त पाणी घातलं होतं. मी बसलेही नाही. "तिला इथे असतानाच त्रास होत होता. तुला माहीत होतं?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हा मला जायला सांगणार. "तुला माहीत होतं?" तो म्हणाला. "जेवायला तर तुझ्याबरोबर जायची रोज. माझ्याबरोबर फक्त रविवारी."

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, एकमेकांवर संशय घेत. तुझ्या घरात, तुझ्या झाडांसमोर. मग त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. पॉलिक्लिनिकचा, तुमच्या घराखालच्या दवाखान्याचा, मेसेज होता, नेहमीसारखा कोरडा: हृदयाच्या तपासणीसाठी पुढे ढकललेली तुमची वेळ अमुक दिवशी आहे, उपाशीपोटी या. खाली तुझं नाव. भारतात जाताना तू त्यांना नितीनचा नंबर देऊन ठेवला होतास.

"दिवस करून आलो आणि विमानतळावर फोन चालू केला तर हा आला," नितीन म्हणाला. "तिने तारीख पुढे ढकलली होती. परत आल्यावर करू म्हणून. मला एका शब्दाने बोलली नाही. आणि मी येणाऱ्या प्रत्येकाला 'हो ना, हो ना' करत बसलोय, कारण हे कुणाला सांगू?"

मग तो खाली बसला आणि रडला. मी पाणी आणून दिलं. माझ्या लक्षात आलं की गजानन खरं बोलला होता. निदान एवढं तरी.

मी तुझ्या गावी गेले, सुलभा. तू नसताना गेले. पुण्याला आईकडे आले होते, तिथून नांदेडची गाडी धरली. गजानन स्टेशनवर आला होता. तुझ्यासारखंच नाक. वाटेत खोदलेला रस्ता लागला तेव्हा त्याने गाडी हळू केली आणि समोर बघत राहिला. एका बाजूला खडीचे ढीग, दुसऱ्या बाजूला एकच गाडी जाईल एवढी वाट, समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला की सगळ्यांनी थांबायचं. आम्हीही थांबलो. त्या थांबण्यात आम्ही दोघं काय विचार करत होतो ते दोघांनाही ठाऊक होतं.

गाव मी ठरवल्याप्रमाणे डोळ्यांनी बघितलं, तुझ्याच डोळ्यांनी, काही खरं न धरता. तू सांगितलेलं पुष्कळ खरं निघालं. शाळा स्वच्छ होती. शेजारच्या घरातून न मागता भाकऱ्या येत होत्या, आणि माय एकटी आहे हे एका मिनिटासाठीही कुणी होऊ देत नव्हतं. यिशुनला तुझ्या मजल्यावर त्या तमिळ आजींशिवाय कोण राहतं हे मला अजून माहीत नाही. आणि मी म्हणायचे तेही खरं निघालं. आरोग्य उपकेंद्राला कुलूप होतं. नळाला पाणी कधी येईल हे ज्याला विचारावं तो वेगळं सांगत होता. नंबर मात्र मलाही देता आला नसता.

माय पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. तू आणलेला वॉकर शेजारी. गजाननने सांगून ठेवलं होतं, ती अजून रडलेली नाही. मी पाया पडले. तिने आशीर्वाद दिला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"तूच का तिची पुण्याची मैत्रीण?"

"हो काकू."

"तिला भेंडीची भाजी आवडायची का?"

"नाही. चिकट लागते म्हणून हात लावायची नाही."

"हं," ती म्हणाली, आणि मला बसायला सांगितलं. गजानन चहा सांगायला आत गेला. तो आत गेल्याची खात्री करून तिने आवाज खाली आणला.

"एक विचारू? खरं सांगशील? इथं मला सगळे खोटं बोलायलेत. ती तिकडं असती तर वाचली असती का? मला बघायला आली, म्हणून गेली का ती?"

तुझ्या हॉलमध्ये ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं मी. ते इथे, या पलंगावर पोचलं की काय करतं, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला ज्याने निर्धास्त वाटत होतं, त्याने तुझ्या आईचा घास अडकला होता.

मी तिला सांगितलं. म्हणाले, काकू, त्रास तिला तिकडेच सुरू झाला होता. दोनदा. दवाखाना घराखाली होता, तपासायची वेळही तिने घेऊन ठेवली होती. तिने ती पुढे ढकलली. तुमच्यामुळे नाही, आधीच चालढकल करत होती. जवळ आहे म्हणून गेली नाही.

माय ऐकत होती. तोंडावरची एक रेष हलली नाही. मग म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून बोलायलीस."

"नाही काकू."

"मग रस्त्याचं का नाही बोललीस?"

गजानन आत गेला होता त्या दाराकडे मी बघितलं.

"त्याच रस्त्यानं आलीस ना आज? गजूनं तुला तिथनंच आणलं. सांगितलं नाहीस ते. तालुक्याला हृदयाचा डॉक्टर नाही, तेबी नाही सांगितलंस. म्हातारीला झेपायचं नाही म्हणून निम्मंच वाढलंस." ती रागावलेली नव्हती. ती तपासत होती. तू कुणावर गेली होतीस ते मला त्या क्षणी कळलं. "ते मला म्हाईत हाय. या रस्त्यानं मी जन्म काढलाय. तू सांगतीस का, ते बघायली होते. निम्मं लपवणाऱ्याचं उरलेलं निम्मंबी खरं कसं धरायचं मी?"

मग मी सगळं सांगितलं. की हो, तिथे असती आणि तेव्हाच दाखवलं असतं, तर बहुतेक वाचली असती. की हो, इथेसुद्धा तो रस्ता नीट असता आणि तालुक्याला डॉक्टर असता तर कदाचित वाचली असती. की तिने तिकडे दाखवलं नाही आणि इकडे दाखवायला कुणी नव्हतं. यातलं कुठलं पारडं जड, हे मला ठरवता येत नाही, आणि मी ठरवायचा फार प्रयत्न केला आहे.

"आता खरं बोललीस," माय म्हणाली. आणि खिडकीकडे बघत, "म्हंजे दोन्हीकडनं गेली माझी लेक."

तेव्हा ती रडली. गजानन चहाचे कप घेऊन दारातच थांबला. मी तिला धरून बसले. तिचा खांदा इतका हलका होता की धरायचीही भीती वाटत होती. शेजारची बाई आली आणि न विचारता दुसऱ्या बाजूला बसली. वाक्य कुणाकडेच नव्हतं.

आपलं भांडण मला पुढे न्यायचं होतं, सुलभा. मी डोळ्यांनी बघून आले, आता माझ्याकडे बोलायला पुष्कळ आहे. काही ठिकाणी मी हरले असते, काही ठिकाणी तू. एक गोष्ट मात्र मी तुला कधी बोलले नाही. तुझ्या संशयाने मला कितीदा वाचवलं. घर घेताना, नोकरी बदलताना, इराच्या शाळेच्या वेळी, प्रत्येक गोड बोलणाऱ्या माणसासमोर तू माझ्या शेजारी भुवई उंचावून बसलेली असायचीस, आणि मी सही करायची थांबायचे. स्वतःच्या छातीबद्दल तेवढी एकदा भुवई उंचावली असतीस तर. पण हे रागाने लिहिते आहे, आणि तू म्हणशील, रागाने लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाच. मी वाचलं. अजूनही तसंच वाटतं.

निघताना माय वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत आली. कुणी सांगितलं नव्हतं. मी गाडीत बसले तेव्हा तिने काचेवर टकटक केली. "परत येशील?"

"येईन काकू."

"सगळेच म्हणतेत," ती म्हणाली आणि वळून आत गेली.

दिवाळीचं तिकीट मी काल काढलं. तिला कळवलेलं नाही. कळवलं तरी ती खरं धरायची नाही. जाऊन दारात उभी राहीन.

तुझी,
मेधा